शेजारची इमारत पाडली आणि आमच्या भिंतीवर जुनी जाहिरात निघाली. रंगवून घ्यायची की आहे तशी जपायची?

मागची_भिंत

आमची इमारत विटांची, तीन मजली, बाहेरून गिलावा नसलेली. तिला लागून असलेली दुमजली इमारत नुकतीच पाडली. तिच्या आड दडलेला आमच्या भिंतीचा खालचा भाग उघडा पडला आणि त्यावर हाताने रंगवलेली जाहिरात निघाली. वरच्या मजल्यावर नेहमी काही फिकट डाग दिसायचे. ती याच जाहिरातीची वरची ओळ होती, हे आत्ता कळलं.

नीट बघितलं तर जाहिराती दोन आहेत, एकीवर एक. वरची साबणाची, पांढऱ्या अक्षरांत. तिच्या खालून बुटांच्या दुकानाची काळी अक्षरं डोकावतात. एका बाजूला बोटाने दिशा दाखवणारा हात काढलाय, त्याच्या बाहीवरचं बटणसुद्धा शाबूत आहे. शेजारच्या छताची रेघ जिथे होती तिथे भिंतीचे सरळ दोन भाग पडलेत: रेघेच्या वर सगळं पुसट, खाली जवळजवळ ताजं.

घरात तीन मतं आहेत. थोरला भाऊ म्हणतो, चांगला पेंटर बोलावून ठसठशीत करून घेऊ. बहीण म्हणते, कुणीही हात लावायचा नाही. ठेकेदाराचं म्हणणं, जोराच्या पाण्याने भिंत धुऊन वरून पारदर्शक कोट मारतो, पाऊस पडल्यावर अक्षरं उठून दिसतात ना, तशी कायम दिसतील.

भिंतीची अवस्था अशी: वरची पन्हळ फुटलेली आहे. वरच्या मजल्याच्या दरजा, म्हणजे विटांमधले सांधे, पूर्वी कधीतरी सिमेंटने भरल्यात, खालच्या मूळच्या चुन्याच्या आहेत. तळाशी ओल आणि पांढरा लोणा, म्हणजे क्षारांचा थर. पांढऱ्या अक्षरावरून बोट फिरवलं तर पूड येते, काळ्या अक्षरांचे पोपडे सुटलेत. मला ही जाहिरात मनापासून टिकवायची आहे. सुरुवात कुठून करू?

कटिंग_ब्रश

मी साइनबोर्ड रंगवतो, म्हणून माझं मत थोरल्या भावाच्या बाजूने. या जाहिराती कधीच एकदा काढून सोडून द्यायच्या नव्हत्या. करार असायचा, काही वर्षांनी पेंटर परत यायचा आणि त्याच अक्षरांवरून ब्रश फिरवायचा. अमेरिकेत हार्ली वॉरिक नावाचा पेंटर होता, त्याने तंबाखूच्या एका ब्रँडची जाहिरात सुमारे २०,००० लाकडी कोठारांवर रंगवली आणि पुन्हा पुन्हा रंगवली. तिथे १९६५ साली महामार्गालगतच्या जाहिरातींवर कायद्याने बंधनं आली, तेव्हा ही कोठारंही त्यात सापडली. १९७४ मध्ये त्यांना सूट मिळाली, म्हणून ती उरली. जॉर्जिया राज्यातल्या कार्टर्सव्हिल गावात कोका-कोलाची १८९४ सालची भिंत आहे, तीही आज रंगवलेल्या रूपातच लोक बघतात. नव्याने रंगवणं म्हणजे विटंबना नव्हे, ती या कामाची रीतच आहे.

सफेदा

कटिंग_ब्रश दादा, तुमचा मुद्दा खरा आहे आणि तो मी मान देऊनच बाजूला ठेवतो. माझे वडील बोर्ड पेंटर होते, मी त्यांच्या हाताखाली अक्षरं शिकलो आणि पुढे भित्तिचित्रांच्या संवर्धनाकडे वळलो. तेव्हा दोन्हीकडची तळमळ मला ठाऊक आहे. जाहिरात चालू असताना पुन्हा रंगवणं ही रीत होती, कारण कंपनी होती, मजकूर हातात होता आणि बऱ्याचदा पेंटरही तोच होता. इथे यांपैकी काहीच उरलेलं नाही. उरलाय तो त्या माणसाच्या हाताचा रंग. त्यावर नवीन रंग चढवला की भिंतीवर तुमचं अक्षर राहील, त्याचं जाईल.

शिवाय या भिंतीवर दोन जाहिराती आहेत. रंगवायची म्हटलं तर कुठली? साबण ठसठशीत केला की बूट कायमचे गाडले जातील. पांढऱ्यातून काळं दिसतं, हीच तर या भिंतीची श्रीमंती आहे.

आता मूळ प्रश्न. मागची_भिंत, तुमच्या वर्णनात सगळ्यात महत्त्वाचा शब्द 'पन्हळ' आहे. अक्षरांचं काय करायचं ते नंतर बघू, आधी भिंतीत पाणी शिरायचं थांबवा. रंग वरून झिजतो तो सावकाश. खरा घात आतून होतो. पाणी विटेत शिरतं, विटेतले आणि सिमेंटमधले क्षार विरघळवतं आणि सुकताना त्यांना पृष्ठभागाकडे ओढत आणतं. तिथे क्षारांचे स्फटिक होतात, फुगतात आणि विटेची साल ढकलून देतात. साल गेली की तिच्यावरचं अक्षर सालीसकट खाली पडतं. तळाशी दिसणारा लोणा म्हणजे हेच चाललंय.

चुन्याच्या दरजेचं काम नुसतं विटा धरून ठेवण्याचं नसतं. ती विटेपेक्षा मऊ आणि जास्त सच्छिद्र असते, म्हणून ओल तिच्यातून बाहेर पडते आणि झीज झालीच तर दरजेची होते. दरज पुन्हा भरता येते. सिमेंटची दरज घट्ट आणि कडक. ओलीला वाट उरते ती फक्त विटेतून. वरच्या मजल्यावर अक्षरं जास्त गेलीत ती ऊनपावसाने, हे बरोबर, पण सिमेंटच्या दरजेलगत विटांच्या कडा फुटल्यात का ते जवळून बघा. फुटल्या असतील तर कारण समजेल.

ठेकेदाराच्या दोन्ही सूचना नाकारा. हे मी अगदी आग्रहाने सांगतो.

जोराचं पाणी आधी. भट्टीत वीट भाजताना तिच्यावर एक कडक साल तयार होते, आतला गाभा त्या मानाने मऊ असतो. पेंटरने रंग लावला तो या सालीवर. जोराच्या पाण्याने पूड झालेला रंग आधी जातो, मग दरजेतला चुना. वाळूचा मारा केला तर सालच निघते आणि उघडा गाभा पाणी पिऊ लागतो. अमेरिकेच्या नॅशनल पार्क सर्व्हिसने वाळूच्या माऱ्याबद्दल १९७९ मध्येच सावधगिरीचं मार्गदर्शन छापलं आणि जुन्या पाट्या व भिंतीवरच्या जाहिरातींसाठी १९९१ मध्ये वेगळं. धूळ काढायचीच तर मऊ ब्रश, तोही जिथे रंग घट्ट आहे तिथे. पोपडे सुटलेत तिथे तोही नको.

मग पारदर्शक कोट. पावसात अक्षरं उठून का दिसतात ते बघा. जुन्या रंगातलं तेल उन्हाने मरतं आणि वर रंगद्रव्याची सैल पूड उरते. त्या कणांमधल्या हवेच्या पोकळ्यांवर प्रकाश विखुरतो, सगळं पांढुरकं दिसतं. पाणी त्या पोकळ्या भरतं, विखुरणं कमी होतं, खालचा रंग डोळ्यापर्यंत पोचतो. चकचकीत कोट हेच काम करतो, म्हणून पहिल्या दिवशी लोक खूश होतात. पण पाणी सुकून जातं, कोट जात नाही. मागून येणारी ओल त्याच्यामागे अडकते, क्षार तिथेच जमतात, उन्हात कोट पिवळा पडतो आणि सुटायला लागला की जुना रंग पाठीला चिकटवूनच सुटतो. बाजारात श्वास घेणारे म्हणून सिलेन या सिलिकॉनच्या संयुगाचे कोट मिळतात. ते वाफ जाऊ देतात हे खरं, पण विटेत शिरले की परत काढता येत नाहीत, आणि ज्या भिंतीत आधीच क्षार आहेत तिथे मी ते लावणार नाही.

तुमची बहीण निम्मी बरोबर आहे. अक्षरांना हात लावायचा नाही, भिंतीला मात्र लावायचा.

कॅमेरा_रोल

दुरुस्तीला सुरुवात होण्याआधी फोटो काढून ठेवा. आजवर शेजारच्या इमारतीने झाकलेला भाग आता रोज ऊन खातोय, तो आत्ता आहे तसा पुन्हा दिसणार नाही.

भिंतीसमोर सरळ उभं राहून, भाग पाडून, शेजारचे फोटो एकमेकांवर थोडे चढतील असे घ्या. ढगाळ उजेडात रंग खरा येतो. ऊन भिंतीला घासून जातं त्या वेळी दुसरा संच घ्या: अक्षराच्या कडेला रंगाचा जो बारीक उंचवटा असतो तो सावली टाकतो आणि रंग गेलेल्या जागीही अक्षर वाचता येतं. एका कोपऱ्यात रंगपट्टी आणि मोजपट्टी ठेवा. फाइल रॉ, म्हणजे कॅमेऱ्याच्या मूळ न दाबलेल्या स्वरूपात असू द्या, दाबलेल्या जेपेगमध्ये बारीक रंगफरक मरतात.

हे रंगफरक का हवेत? जॉन हार्मन यांनी प्रागैतिहासिक गुहाचित्रांसाठी डीस्ट्रेच नावाचं सॉफ्टवेअर तयार केलं. डोळ्याला एकसारख्या दिसणाऱ्या छटा ते ताणून वेगळ्या करतं. पुसट भिंतींवरही ते छान चालतं, हुरमुंजी लाल तर फारच. काळ्या अक्षरांसाठी इन्फ्रारेड फोटो काढून बघा. काजळीतला कार्बन इन्फ्रारेड शोषून घेतो, वीट बराचसा परतवते, त्यामुळे बुटांच्या दुकानाचं नाव साबणाखालून सलग वाचता येण्याची बरीच शक्यता आहे. सेन्सरवरचं इन्फ्रारेड अडवणारं फिल्टर काढलेला कॅमेरा लागतो, तो असणारा माणूस शोधा.

मागची_भिंत

सगळ्यांचे आभार. सफेदा, तुम्ही म्हणालात ते पाहून आलो. सिमेंटच्या दरजेलगत विटांच्या कडा खरंच फुटल्यात, खालच्या चुन्याच्या भागात तसं नाही. आणखी एक दिसलं: काही अक्षरांच्या वर आणि खाली अगदी सरळ, केसाएवढी निळसर रेघ आहे. ती कसली?

आणि थेट विचारतो, पांढरी पूड म्हणजे शिसं आहे का? भावाची मुलं खाली खेळतात.

सफेदा

रेघ सुताची. निळीत बुडवलेला दोरा दोन टोकांना ताणून धरायचा आणि मधोमध चिमटीत ओढून सोडायचा, भिंतीवर सरळ रेघ उमटते. अक्षरांची उंची त्या दोन रेघांत बसवायची. ती साधारणपणे काम झाल्यावर पुसतात किंवा पाऊस धुऊन नेतो. तुमच्याकडे ती राहिली, कारण भिंत लवकरच झाकली गेली असणार. कॅमेरा_रोल, या रेघेचा जवळून फोटो हवाच. पेंटरने भिंतीवर पहिला हात कुठे ठेवला ते तिच्यावरून कळतं. उद्या कुणी जोराचं पाणी मारलं तर सगळ्यात आधी हीच जाईल.

आता शिसं. आहे असं धरूनच चाला. जुन्या पेंटरांचा पांढरा म्हणजे शिशाचा सफेदा आणि जवसाचं तेल. शिसं तेलाशी संयोग पावून साबणासारखी संयुगं करतं, त्यामुळे थर लवचीक राहतो, विटेच्या छिद्रांत रुततो आणि बाकी रंग उडाले तरी तो टिकतो. भिंतींवर फिकट जाहिरातींची पांढरी अक्षरंच बहुतेक वेळा का उरतात, त्याचं कारण हे. विषारीपणा तेव्हाही माहीत होता. १९२१ मध्ये आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने सफेद्यावर करार केला, पण त्याची बंदी मुख्यतः इमारतीच्या आतल्या रंगकामापुरती होती. बाहेरच्या भिंतींवर तो चालत राहिला. अमेरिकेत घरगुती रंगांतलं शिसं १९७८ मध्ये बंद झालं.

तर आजच भिंतीजवळची जागा दोरी लावून बंद करा, मुलांना तिकडे जाऊ देऊ नका. बोट फिरवून बघणं थांबवा, आणि फिरवलंच असेल तर हात साबणाने धुवा. खाली पडलेले पोपडे झाडूने झाडू नका, धूळ उडते. पाण्याचा फवारा जमिनीवर मारून ओले करा, उचला आणि बंद पिशवीत ठेवा. मोठे तुकडे टाकू नका, जागा लिहून वेगळे ठेवा, रंगाचे थर त्यांच्या कडेवर दिसतात. कोरडी घासणी, गरम हवेची बंदूक, ग्राइंडर यांतलं काहीही त्या भिंतीवर चालणार नाही. काम करणाऱ्यांना बारीक धूळ अडवणारे गाळणीचे मास्क द्या, कापडाचे नाहीत. तिथल्या मातीचीही तपासणी करून घ्या.

खात्री करायची तर एक्स-रे फ्लुओरेसन्सचं हातात धरायचं यंत्र असतं, ते रंगाला न खरवडता मूलद्रव्यं सांगतं. त्यातून काळाचाही अंदाज येतो: शिसं निघालं तर जुना सफेदा, टायटॅनियम निघालं तर तो पांढरा पहिल्या महायुद्धानंतरचाच, कारण टायटॅनियमचा पांढरा त्या सुमारास बाजारात आला. वरच्या साबणात एक आणि खालच्या कुठल्या पांढऱ्यात दुसरं निघालं, तर दोन जाहिरातींमधलं अंतरही उमगेल.

कामाचा क्रम मी असा ठेवेन. पन्हळ. मग तळाच्या ओलीचं कारण. पाडकामाचा राडारोडा भिंतीला टेकून पडला असेल तर तो पहिला हलवा, तो ओल धरून ठेवतो. मग भिंतीला सुकू द्या, एक पूर्ण ऋतुचक्र तरी. सुकताना लोणा आधी वाढलेला दिसेल, घाबरू नका. जिथे रंग नाही तिथला लोणा कोरड्या मऊ ब्रशने काढा, पाण्याने धुतला तर तो परत आत जातो. त्यानंतर सिमेंटच्या दरजा काढून चुन्याच्या भरा.

पोपडे मात्र इतकं थांबणार नाहीत. ते भित्तिचित्रांचं काम केलेल्या माणसाकडून बसवून घ्या. पोपड्यावर पातळ जपानी कागद ठेवायचा, पोपड्याच्या मागे सुईने पातळ केलेलं ॲक्रिलिकचं चिकटद्रव्य सोडायचं आणि हलकेच दाबून पोपडा भिंतीला परत टेकवायचा. एका तळहाताएवढ्या जागेवर आधी चाचणी, मग पुढे. कुणी सगळ्या भिंतीवर पॅरालॉइड बी-७२ ही संवर्धनात वापरतात ती ॲक्रिलिक राळ फवारू म्हणेल. संग्रहालयात ते उत्तम आहे, पण साधारण ४० अंशांना ते मऊ पडतं आणि उन्हातली वीट त्याच्या सहज पुढे जाते. मग त्यावर धूळ चिकटते ती कायमची.

कटिंग_ब्रश

निळीची रेघ वाचली आणि मी माझं मत बदललं. ती मला माझ्या ब्रशखाली झाकायची नाही. पण भावाची इच्छाही खोटी नाही, लोकांना जाहिरात दिसली पाहिजे. त्यावर दोन वाटा सुचतात. एक, फोटोंवरून दोन्ही जाहिराती पूर्ण मापात कागदावर काढायच्या आणि वेगळ्या पॅनेलवर रंगवून भिंतीच्या शेजारी उभ्या करायच्या. ते काम मी आनंदाने करेन. दुसरी, प्रोजेक्टर. क्रेग विन्सलो यांनी जुन्या भिंतींवर नुसता प्रकाश टाकून जाहिराती पुन्हा उभ्या केल्यात, एकावर एक चढलेल्या जाहिराती पाळीपाळीने दाखवल्यात. दिवा बंद केला की भिंत होती तशी.

सफेदा

दोन्ही वाटा मला पटल्या. पॅनेलवर जे अक्षर वाचता आलं नाही तिथे अंदाजाने काही भरू नका, कोरी जागा ठेवा. जुन्या वास्तूंच्या जतनाची तत्त्वं सांगणाऱ्या १९६४ च्या व्हेनिसच्या सनदेत हे स्पष्ट आहे: जिथे तर्क सुरू होतो तिथे जीर्णोद्धार थांबला पाहिजे. प्रकाशात मात्र अंदाज चालेल असं मला वाटतं, कारण तो भिंतीवर काही सोडून जात नाही. फक्त बघणाऱ्याला सांगा की एवढा भाग आमचा.

मागची_भिंत

घरात हे सगळं वाचून दाखवलं. पॅनेलवर भाऊ तयार झाला. त्याने एक शंका काढली आणि तिचं उत्तर माझ्याकडे नाही. सिमेंट काढून नव्या चुन्याच्या दरजा भरल्या तर वरच्या ओळीतल्या प्रत्येक अक्षरावर आडव्या कोऱ्या पट्ट्या दिसतील. अक्षर वाचता येईल का? तेवढ्या पट्ट्या रंगवल्या तर?

सफेदा

भावाने नेमकं दुखणं धरलंय. पण त्या पट्ट्या आजही आहेत: सिमेंट भरलं तेव्हाच दरजेवरचा मूळ रंग गेला, आणि राखाडी सिमेंट लाल विटेत उठून दिसतं. चुना त्याहून खूप दबता करता येतो. खालच्या मूळ दरजेचा लहानसा तुकडा घ्या, त्यातली वाळू चाळून बघा, दाणा आणि रंग दोन्ही जुळवा. दरजेचा रंग मुख्यतः वाळूतून येतो. तेवढ्यानेही फिकी वाटली तर मिश्रणातच थोडा गेरू घाला, हा लोखंडाचा रंग चुन्यात टिकतो. प्रशियन निळा मात्र चुन्यात मरतो, त्याच्या वाटेला जाऊ नका. दरज विटेच्या तोंडापासून किंचित आत ठेवा, म्हणजे सावलीत जाते.

त्या पट्ट्यांवर पांढरं ओढून अक्षर जोडू नका. रस्त्यावरून बघणारा डोळा ते आपोआप जोडतो, आणि जवळून बघणाऱ्याला जुनं कुठलं, नवं कुठलं ते कळतं.

सिमेंट काढताना ग्राइंडरची पाती विटेच्या कडेला लागतेच, म्हणून छिन्नी आणि लहान हातोडी, आणि संयम असलेला गवंडी. सगळं सिमेंट काढायचा हट्टही नको. एखाद्या ठिकाणी ते इतकं घट्ट बसलेलं असेल की काढताना वीट फुटेल, तर तिथे राहू द्या. खालच्या भागात जिथे मूळ चुन्याच्या दरजेवर रंग अजून बसलाय, तिथे तर छिन्नी न्यायचीच नाही, दरज जरा खोल गेली असली तरी.

मागची_भिंत

ठीक. दोरी लावली, ठेकेदाराला 'नाही' असं कळवलं, पन्हळीवाला उद्या येतोय. राडारोडा खरंच भिंतीला टेकून आहे, तो या आठवड्यात हलवतो. कॅमेरा_रोल, ढगाळ दिवस बघून फोटो घेतो आणि इथे टाकतो. कटिंग_ब्रश, पॅनेलसाठी माप कुठून कुठपर्यंत घेऊ तेवढं सांगा; दिशा दाखवणारा हातही धरून घ्यायचं की फक्त अक्षरं?

कटिंग_ब्रश

हात धरूनच. बाहीचं बटण वेगळं, जवळून.